खेळ कन्सोलचा, हिशेब संगणकाचा

पेढीवर वाढलेल्या माणसाला एक प्रश्न उपजतच सुचतो. माल कोणताही असो, भाव विचारण्याआधी तो विचारतो, "याचे काम काय?" कामाचा अंदाज आला की मग मोल ठरते. हा साधा व्यापारी शिरस्ता आपण दुकानात कटाक्षाने पाळतो; मात्र घरातील मुलाने संगणकाचा विषय काढला की तो कसा कोण जाणे विसरला जातो. मुलगा लाखाच्या घरातील आकडा सांगतो, वडील नकार देतात, आणि दोघांपैकी कोणीच त्या यंत्राला नेमके काय करावयाचे आहे हे तपासून पाहत नाही.

आज अनेक घरांतून होणारी मागणी अशी असते: घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे, त्यावर खेळताना तो खेळ यूट्यूबवर थेट दाखवायचा आहे, त्यासाठी संगणक हवा. ही आता केवळ महानगरातील हौस राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या पडेगावासारख्या वस्तीतही फायबरची तार पोहोचली, की मुंबईतल्या मुलाला जे शक्य आहे ते येथील मुलालाही शक्य होते. मुंबईचे आदित्य सावंत 'डायनॅमो' या नावाने आणि मिथिलेश पाटणकर 'मिथपॅट' या नावाने देशभर ओळखले जातात. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या निवडक गेमर मंडळींशी संवाद साधला, त्यांत पाटणकरही होते. मुलांसमोर ही उदाहरणे असताना 'हे सारे थोतांड आहे' एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही. तेव्हा विषय नीट समजून घ्यावा, खर्चाची मर्यादा घालावी आणि मग निर्णय करावा, हेच शहाणपणाचे.

काम कोणाचे, भार कोणावर

या व्यवहारातील गोम एका वाक्यात सांगता येते: खेळ कन्सोल खेळवतो, संगणक नाही. महागड्या गेमिंग संगणकाची किंमत मुख्यतः त्याच्या ग्राफिक्स कार्डात असते, कारण खेळातील प्रत्येक दृश्य त्या कार्डाला दर सेकंदास साठ वेळा रेखाटावे लागते. आपल्या प्रकरणात हे काम कन्सोल आधीच करीत असतो. संगणकाकडे उरतात तीन कामे: आलेले चित्र स्वीकारणे, त्यात बोलणाऱ्याचा आवाज आणि चेहरा मिसळणे, आणि ते सारे दाबून लहान करून इंटरनेटवर धाडणे. या शेवटच्या कामाला एन्कोडिंग म्हणतात. ते करणारी स्वतंत्र यंत्रणा साध्या प्रोसेसरमध्येही अंगभूत असते.

म्हणून लाखाचा संगणक येथे अनाठायी आहे. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेल्या श्रावकाला हे निराळे सांगावयास नको. गरजेपुरती वस्तू घेण्याचा नियम येथे तांत्रिकदृष्ट्याही बरोबर ठरतो.

खरेदीपूर्वी दोन परीक्षा

पहिली परीक्षा विनाखर्चाची आहे. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांमधून संगणकाशिवायही यूट्यूब अथवा ट्विचवर थेट प्रक्षेपण करता येते. त्यात सजावट मर्यादित असते, पण मुलाची चिकाटी तपासण्यास ते पुरेसे आहे. दोन महिने ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी त्याने हे नेमाने केले, तर संगणकाचा विचार करावा. पंधरा दिवसांत हौस मावळली, तर पैसाही वाचला आणि वादही मिटला. निन्टेन्डो स्विचमध्ये मात्र अशी अंगभूत सोय नाही. तेथे संगणक लागतोच.

दुसरी परीक्षा दुकानातील जुन्या संगणकाची. बिलिंगसाठी वापरलेला आणि आता बाजूला ठेवलेला संगणक अनेक पेढ्यांवर असतो. त्यातील प्रोसेसर इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असेल, तर तो या कामास योग्य आहे. आठव्या पिढीची रेषा दोन कारणांनी महत्त्वाची. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. शिवाय त्याआधीच्या फार जुन्या प्रोसेसरमधील एन्कोडरचे चित्र अस्पष्ट येते. मात्र दुकानाचा हिशेब ज्या यंत्रावर आजही चालतो, ते यंत्र खेळासाठी मुळीच देऊ नये. ग्राहकांची उधारी आणि अनोळखी डाउनलोड एकाच ठिकाणी नांदू नयेत.

यंत्राची जुळणी

घरी काहीच नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कंपन्यांनी वापरून विकलेल्या, दुरुस्त करून पुन्हा बाजारात आलेल्या कार्यालयीन संगणकांचा. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही त्यांतील परिचित नावे. आय५-८५०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर असलेले असे यंत्र साधारण बारा ते अठरा हजारांच्या दरम्यान मिळू शकते. घेताना पक्के बिल आणि लेखी वॉरंटी मागावी. अगदी बुटक्या पेटीतील यंत्रांचा वीजपुरवठा-संच कंपनीच्या खास आकाराचा असतो. तो बिघडला तर बाजारातील साधा संच बसत नाही. म्हणून शक्यतो उभ्या, मोठ्या पेटीतील यंत्र निवडावे.

दुसरा मार्ग नवे भाग आणून जुळणी करण्याचा. त्यासाठी इंटेल आय३-१२१०० हा चार कोअरचा प्रोसेसर आजही पुरेसा आहे. येथे एका अक्षराकडे लक्ष द्यावे. त्याच प्रोसेसरचा 'एफ' अक्षराने संपणारा प्रकार थोडा स्वस्त असतो, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि त्यासोबत 'क्विक सिंक' हा एन्कोडरही जातो. आपले सारे गणित ज्यावर उभे आहे तीच गोष्ट त्या काटकसरीत निघून जाते. असाच दुसरा खड्डा ग्राफिक्स कार्डांत आहे. 'जीटी १०३०' सारखे स्वस्त कार्ड दुकानदाराने सुचविले तर घेऊ नये. त्यात एन्कोडरच नाही.

प्रोसेसरला साजेसा साधा एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, हवा खेळती राहील अशी पेटी आणि नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस, एवढी यादी पुरे. रॅम शक्यतो आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन मार्गांनी माहिती वाहिल्याने अंगभूत ग्राफिक्सला वेग मिळतो. २०२५च्या अखेरीपासून जागतिक बाजारात रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत, त्यामुळे नव्या जुळणीचा एकूण खर्च आज मॉनिटर सोडून तीस ते चाळीस हजारांच्या घरात जाऊ शकतो. जुन्या यंत्राचे पारडे म्हणूनच सध्या जड आहे. काटकसर कोठेही करावी, एसएमपीएसमध्ये करू नये. हलका एसएमपीएस स्वतः जळतो तेव्हा पुष्कळदा मदरबोर्डलाही सोबत नेतो.

कॅप्चर कार्ड: या संसाराची किल्ली

कन्सोलचे चित्र संगणकात आणणारी लहानशी पेटी म्हणजे कॅप्चर कार्ड. एका बाजूने एचडीएमआय तार आत जाते, दुसऱ्या बाजूने यूएसबी बाहेर येते. बाजारात सुमारे पाचशे ते हजार रुपयांतही ती मिळते आणि पंधरा हजारांच्या वरही. हा फरक कशाचा, ते एका हिशेबाने कळेल.

पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट आणि सेकंदाला साठ चित्रे धरली, तर दर सेकंदास जवळपास २४९ मेगाबाइट, म्हणजेच सुमारे दोन गिगाबिट माहिती वाहते. यूएसबी २.० ची क्षमता फक्त ४८० मेगाबिट आहे. स्वस्त कार्ड याच अरुंद वाटेने चालते, म्हणून त्याला चित्र आधीच दाबावे लागते आणि पूर्ण एचडीत बहुधा तीसच चित्रे देता येतात. यूएसबी ३.० ची क्षमता पाच गिगाबिट असल्याने तेथे साठ चित्रे निर्वेध जातात. खोक्यावर '४के' असे ठळक छापलेले असले तरी विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे: यूएसबी कोणते, आणि ध्वनिमुद्रण किती चित्रांनी होते?

दुसरा गुण 'पासथ्रू'चा. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र किंचित उशिराने येते. पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. खेळणाऱ्याची मात्र त्रेधा उडते, फलंदाजाला चेंडू येऊन गेल्यावर दिसतो. पासथ्रू असलेले कार्ड तेच चित्र त्याच क्षणी टीव्हीकडेही धाडते. ही सोय असलेले, पूर्ण एचडीत साठ चित्रे टिपणारे, मध्यम किमतीचे कार्ड घ्यावे. एकूण खर्चात जेथे हात थोडा सैल सोडावा अशी ही एक जागा आहे.

पहिल्या दिवशी बहुतेकांना काळा पडदा दिसतो आणि कार्ड सदोष असल्याचा समज होतो. कारण पुष्कळदा निराळे असते. प्लेस्टेशनमध्ये 'एचडीसीपी' नावाचे चित्ररक्षक कुलूप सुरू असते. सेटिंग्जमधील सिस्टीम विभागात ते बंद केले की खेळ दिसू लागतो. चित्रपट पाहण्याची ॲप्स मात्र ते बंद असताना चालत नाहीत. ती पाहताना पुन्हा सुरू करावे.

मिश्रणाचे आणि प्रक्षेपणाचे काम करणारे 'ओबीएस स्टुडिओ' हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. त्यात एन्कोडर म्हणून क्विक सिंक निवडावा, म्हणजे प्रोसेसरवर भार येत नाही. कॅमेऱ्याआधी माइक घ्यावा. अंधुक चेहरा प्रेक्षक चालवून घेतात, खरखरणारा आवाज नाही. पार्श्वभूमीला चित्रपटगीते लावू नयेत. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ती ओळखते आणि उत्पन्नाचा हक्क गीताच्या मालकाकडे जातो.

तार, वीज आणि धूळ

इंटरनेटची योजना घेताना आपण डाउनलोडचा वेग पाहतो. येथे अपलोडचा वेग पाहावा लागतो. ७२० रेषांच्या, साठ चित्रांच्या प्रक्षेपणास यूट्यूब सुमारे ६ मेगाबिटचा प्रवाह सुचविते, तर १०८० रेषांना सुमारे १२. हाती त्याच्या दुपटीचा अपलोड असावा. सहा मेगाबिटच्या प्रवाहाने तासाला २.७ जीबी माहिती जाते. रोज दोन तास धरले तर महिन्याला १६२ जीबी. अनेक फायबर योजनांची मासिक मर्यादा ३,३०० जीबी असल्याने घरातील इतरांची अडचण होत नाही. राउटरपासून संगणकापर्यंत वायफायऐवजी लॅनची तार ओढावी. हा शे-दोनशे रुपयांचा खर्च महाग राउटरपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

विजेचा खर्च अनेकांना वाटतो तेवढा नाही. प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट घेते; वर सांगितलेला संगणक व मॉनिटर मिळून साधारण १०० वॉट. रोज दोन तासांनी महिन्याला सुमारे १८ युनिट होतात. वीज जाण्याची तजवीज मात्र करावी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस कन्सोल आणि टीव्हीसह सगळा भार पेलेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यावर संगणक आणि राउटर ठेवावेत. कन्सोल बंद पडला तरी संगणक आणि इंटरनेट जिवंत असल्याने प्रक्षेपण तुटत नाही, आणि बोलणारा प्रेक्षकांना थोडा धीर धरावयास सांगू शकतो. घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि रस्त्याकाठच्या वस्तीत धूळही भरपूर असते. पेटी भिंतीला चिकटवू नये, कपाटात कोंडू नये, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पंख्यांवरील धूळ काढावी.

खतावणीचे पान

हा खर्च कोणत्या खाती लिहावा? मोह होतो तो दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेण्याचा. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते स्पष्ट आहे. थोडक्या रकमेसाठी मुलाच्या देखत खोटी नोंद केली, तर त्याने त्या व्यवहारातून काय उचलले याची किंमत कोणत्याही खतावणीत मावणार नाही. अचौर्याचा पाठ घरीच दिला जातो.

उत्पन्नाबद्दल भ्रम नसावा. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यास १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन, ही अट आहे. ती पूर्ण करतानाच पुष्कळांची दमछाक होते. वडिलांनी हा खर्च भांडवल म्हणून नव्हे, शिक्षणाचा खर्च म्हणून धरावा. मुलाने आवाज, प्रकाश, वेळेचे नियोजन आणि अनोळखी लोकांसमोर सभ्यपणे बोलणे एवढे आत्मसात केले तरी पैसे वसूल झाले. उत्पन्न सुरू झालेच, तर त्याचे स्वतंत्र खाते उघडून सल्लागाराकडून विवरणपत्रात योग्य नोंद करून घ्यावी.

वयाची अटही ध्यानात असावी. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबवर थेट प्रक्षेपणासाठी किमान वय १६ वर्षे आहे. त्याहून लहान मुलासोबत मोठी व्यक्ती दिसणे आवश्यक आहे. शिवाय प्रक्षेपणात घराचा पत्ता, शाळेचे नाव, दुकानाची पाटी, खिडकीबाहेरचा रस्ता यांतले काहीही दिसू नये. समोर कोण बसले आहे हे कळत नसलेले हे चव्हाट्यावरचे घर आहे.

खेळ कोणता?

आता मुख्य प्रश्न. यंत्र स्वस्तात बसले, तार ओढली, दाखवायचे काय? बंदुकीचे, रक्तपाताचे खेळ लोकप्रिय आहेत. मुले म्हणतात, "त्यात कोणी खरे मरत नाही." हा युक्तिवाद आपल्या परंपरेला नवा नाही. राजा यशोधराची कथा जैन साहित्यात शतकानुशतके सांगितली गेली. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' रचले, आणि त्याच शतकात पुष्पदंतांनी राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत 'जसहरचरिउ' लिहिले. दुःस्वप्नाचा परिहार म्हणून आई बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जिवंत प्राणी मारण्यास तयार होत नाही, आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा कापतो. जीव कोणाचाच गेला नाही. तरीही मारण्याचा भाव मनात उठला, म्हणून मायलेकांना अनेक तिर्यंच योनींतून भटकावे लागले, असे कथा सांगते. पडद्यावरचा शत्रू हा आजचा पिठाचा कोंबडा नव्हे काय, हा प्रश्न घरातील जेवणानंतरच्या गप्पांत मुलांपुढे ठेवावा. उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. दरडावून बंद केलेला खेळ मित्राच्या घरी सुरू होतो. विचाराने सोडलेला सहसा परतत नाही.

पर्याय भरपूर आहेत. 'ग्रॅन टुरिस्मो ७' सारखी मोटारशर्यत, 'क्रिकेट २४', फुटबॉल, 'माइनक्राफ्ट'मधील बांधकाम, कोडी सोडविण्याचे खेळ. मराठीतून क्रिकेटचे रसाळ समालोचन करणाऱ्यास येथे मोठी मोकळी जागा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा प्राचीन भारतावर बेतलेला खेळ कन्सोलवर आणला. त्यात लढाया आहेत, त्यामुळे तो निवडावा की नाही हे कुटुंबाने ठरवावे, पण महाराष्ट्रात कन्सोलचे खेळ घडू शकतात हे मुलांना अवश्य सांगावे.

एका बाबतीत मात्र चर्चेला जागा नाही. सप्तव्यसनांत पहिले नाव जुगाराचे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी घातली. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. लहान प्रक्षेपकांना पैशांचे आमिष दाखवून अशा जाहिराती देऊ केल्या जातात. मुलाकडे आलेला प्रत्येक जाहिरात-प्रस्ताव वडिलांनी स्वतः वाचावा, हा घरचा नियम असावा.

वेळेचेही बंधन असावे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, प्रतिक्रमण, अभ्यास आणि दुकानाला लागणारा हातभार यांच्या जागा आधी आखून घ्याव्यात. उरेल ते प्रक्षेपणाचे. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात वाहिनी बंद ठेवावी. 'पर्वानिमित्त प्रक्षेपण बंद आहे' ही पाटी पडद्यावर लावणारा तरुण आपल्या धर्माची ओळख अनेक अनोळखी प्रेक्षकांना करून देत असतो.

एक यंत्र, अनेक उपयोग

शेवटी हिशेब पुन्हा एकदा पाहू. कॅप्चर कार्डाला कन्सोल आणि कॅमेरा यांतील भेद कळत नाही. एचडीएमआयने येईल ते चित्र ते घेते. म्हणजे याच जुळणीला साधा व्हिडिओ कॅमेरा जोडला, तर चातुर्मासात गुरुभगवंतांची अनुज्ञा असल्यास प्रवचन दूरच्या वृद्ध श्रावकांच्या घरी पोहोचविता येईल. कापडाच्या किंवा दागिन्यांच्या पेढीला सणाच्या आधी नवा माल परगावच्या ग्राहकांना थेट दाखविता येईल. ज्या मुलाने खेळ दाखविता दाखविता प्रकाश आणि आवाज जुळविण्याची कला हस्तगत केली, तोच ही कामे करील, आणि त्यासाठी बाहेरच्या माणसाला पैसे मोजावे लागणार नाहीत.

तेव्हा मुलाने यादी पुढे केली की रक्कम ऐकून चमकण्याआधी तिच्यातील एकेका भागावर बोट ठेवावे आणि विचारावे, "याचे काम काय?" ज्या भागाचे उत्तर त्याला देता येईल तो घ्यावा, ज्याचे देता येणार नाही तो यादीतून काढावा. यादी आपोआप निम्म्यावर येईल, आणि व्यापाराचा पहिला धडा मुलाच्या पदरी पडेल.